खाणीच्या दारात शेतकरी

१८८५ च्या उन्हाळ्यात जपानमधील वातारासे नदीत आयु जातीचे मासे मोठ्या संख्येने मेले आणि त्याची बातमी तोक्योच्या वर्तमानपत्रात छापून आली. या नदीच्या उगमाकडे, तोचिगीच्या डोंगरात, आशिओ हे तांब्याच्या खाणीचे गाव आहे. खाण जुनी, सतराव्या शतकात तोकुगावा राजवटीने चालवलेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ संपल्यात जमा झालेली. १८७७ मध्ये फुरुकावा इचिबेई या उद्योजकाने ती विकत घेतली. १८८१ आणि १८८४ मध्ये तिच्यात तांब्याच्या नव्या, भरगच्च शिरा सापडल्या आणि पाहता पाहता जपानच्या एकूण तांब्याचा फार मोठा वाटा एकट्या आशिओतून निघू लागला. म्हणजे दुसरी मोठी शीर लागून जेमतेम वर्ष झाले, तोच खाली मासे मेले. कारण आणि परिणाम इतके लगोलग आले की त्यांची जोडी लावायला कोणाला प्रयोगशाळेची गरज नव्हती. नदीकाठच्या कोळ्याला आणि शेतकऱ्याला ती लावता येत होती. नद्यांतील जड धातूंचा इतिहास सांगताना ‘त्या काळी हे कळत नव्हते’ असे म्हणून पुढे जाण्याची पद्धत पडली आहे. जपानच्या दोन नद्यांचा, वातारासे आणि जिंझू यांचा, इतिहास या म्हणण्याच्या विरुद्ध साक्ष देतो. कळत होते, आणि लवकर कळत होते. कळल्याने नदी सुधारली नाही, सरकारी हुकमाने सुधारली नाही, भरपाईने तर नाहीच. ती सुधारू लागली ती विष पोटात गेलेल्या माणसांना खाणीच्या आत शिरून तपासण्याचा हक्क मिळाला तेव्हा.

वाहते पाणी निर्मळ असते, ही समजूत आपल्याकडे आहे तशी जपानी खेड्यांतही होती, आणि ती अगदीच निराधार नाही. गावाचे सांडपाणी, शेण, पालापाचोळा हे सारे नदीत पडले तर काही मैलांत जिवाणू ते खाऊन टाकतात. धातूचे तसे होत नाही. तांबे, शिसे, कॅडमियम ही मूलद्रव्ये आहेत. त्यांना कोणी खात नाही, ती कुजत नाहीत, जळत नाहीत. नदी त्यांना फक्त जागा बदलून देते. त्यांतला थोडा भाग पाण्यात विरघळलेला असतो, बाकीचा गाळाच्या बारीक कणांना चिकटून येतो, आणि पाण्याचा वेग जिथे मंदावतो तिथे बसतो. भातशेतीच्या मुलखात पाण्याचा वेग मंदावण्याची हमखास जागा म्हणजे खाचर. पाटाचे पाणी खाचरात शिरते त्या दाऱ्याशी सर्वांत आधी गाळ पडतो, म्हणून वातारासेच्या खोऱ्यात भाताची रोपे सर्वांत आधी दाऱ्याशी पिवळी पडत आणि बांधाकडे जावे तशी थोडी बरी दिसत. शेतकरी दाऱ्यापाशी साचलेली माती दरवर्षी खरवडून शेताच्या कोपऱ्यात ढीग करून ठेवत. या ढिगांना तिकडे विषाच्या टेकड्या म्हणत. जी माती शेतकरी स्वतःच्या हाताने वेगळी काढतो आणि जिच्यावर काही पेरत नाही, तिच्याविषयी त्याला काही कळत नव्हते असे म्हणणे धाडसाचे आहे.

वातारासेच्या काठी पूर पूर्वी नकोसा नव्हता. डोंगरातल्या रानाची कुजलेली पाने आणि सुपीक माती घेऊन तो येई, आणि पुरानंतरच्या वर्षी खत कमी घातले तरी चाले. खाणीने हे गणित दोन्हीकडून मोडले. भट्ट्यांसाठी आणि बोगद्यांच्या आधारासाठी झाडे तोडली गेली, जी उरली ती भट्ट्यांच्या गंधकी धुराने वाळली. डोंगर उघडा पडला, पूर उंच आणि वारंवार येऊ लागले. आणि हे पूर आता पानांऐवजी तांब्याचा चुरा आणत होते. १८९० च्या मोठ्या पुरानंतर तोचिगी आणि गुन्मा या दोन्ही जिल्ह्यांत हजारो शेतकऱ्यांची पिके गेली. लोकांनी माती तपासायला पाठवली. तोक्योच्या कृषी महाविद्यालयातील रसायनज्ञ कोझाई योशिनाओ यांनी तांब्याची संयुगे हेच कारण असल्याचे सांगितले. १८९० मध्येच जपानची पहिली संसद भरली होती. तीत तोचिगीतून निवडून आलेले तानाका शोझो यांनी डिसेंबर १८९१ मध्ये सरकारला विचारले की मालमत्तेच्या हक्काची हमी देणारी राज्यघटना असताना ही खाण थांबवली का जात नाही. सरकारने उत्तर दिले ते असे की नुकसान झाले आहे हे खरे, पण त्याचे कारण अजून नक्की झालेले नाही, तज्ज्ञ तपास करीत आहेत, आणि खाणमालक आपण होऊन खनिजाचा चुरा पकडणारी यंत्रे परदेशातून आणवीत आहेत. हे उत्तर देणाऱ्या खात्याचे मंत्री होते मुत्सु मुनेमित्सु, आणि त्यांचा दुसरा मुलगा फुरुकावा इचिबेईला दत्तक गेलेला होता. कुंपण आणि शेत यांचे नाते इतके जवळचे असल्यावर जे व्हायचे तेच झाले.

त्यानंतर आले समझोते. १८९२ पासून जिल्ह्यातल्या पुढाऱ्यांच्या मध्यस्थीने फुरुकावाने गावागावांशी करार केले: इतकी रक्कम घ्या, नवी यंत्रे बसत आहेत, आणि १८९६ च्या जूनअखेरपर्यंत तक्रार करू नका. मुदत संपायच्या आतच, १८९५ पासून, दुसऱ्या प्रकारचे करार पुढे आले, ज्यांत शेतकऱ्याने यापुढे कधीच तक्रार करायची नव्हती. रक्कम बहुधा क्षुल्लक असे, पण माझ्या मते तिच्या लहानमोठेपणावर वाद घालण्यात अर्थ नाही. या करारांत शेतकरी पैशांच्या बदल्यात देत होता ते त्याचे बोलणे. यंत्रे बसली की नाही, बसली तर चालतात की नाही, हे पाहण्याची तरतूद कोणत्याही बाजूने नव्हती. ‘तुमच्या खाणीत काय चालते ते मला दाखवा’ असे शेतकऱ्याने म्हणावे, ही कल्पनाच त्या कागदांत कुठे नाही. १८९६ मध्ये आणखी मोठा पूर आला, आणि यंत्रांनी काय पकडले होते आणि काय नाही, ते खाचरा-खाचरांत दिसले.

१८९७ च्या वसंतात हजारो शेतकरी पायी तोक्योवर चालून गेले. ही घटना जपानी जनतेच्या डोळ्यांत भरली, वर्तमानपत्रे पेटली, आणि सरकारने एक चौकशी समिती नेमून त्याच वर्षी खाणीला हुकूम दिला. तो लेचापेचा नव्हता. गाळ बसवण्याची तळी, पाणी गाळण्याचे थर, धुरातला गंधक काढण्याची व्यवस्था, टाकाऊ खडीचे ढीग सावरणे, अशा ३७ बाबी त्यात होत्या, त्यांतल्या प्रत्येकीला मुदत होती, आणि मुदत चुकली तर खाण बंद करण्याची तंबी होती. फुरुकावाने कामगारांची फौज लावून, दहा लाख येनहून अधिक खर्चून कामे मुदतीत उरकली. कागदोपत्री सरकारचे कर्तव्य संपले. पण धुराचा गंधक काढणारा मनोरा जवळजवळ निरुपयोगी ठरला. वरच्या अंगाचे मात्सुकी हे गाव धुराने १९०२ मध्ये उठून गेले. तळी पुरात टिकतात की फुटतात, त्यांच्यातून निघालेला गाळ कुठे टाकला जातो, हे खालच्या लोकांना कळण्याचा मार्ग नव्हता. फेब्रुवारी १९०० मध्ये पुन्हा तोक्योकडे निघालेल्या शेतकऱ्यांना कावामाता येथे पोलिसांनी झोडपले आणि पन्नासेक जणांवर खटले भरले. तानाकांनी खासदारकी सोडली, आणि १० डिसेंबर १९०१ रोजी सम्राट मेइजी यांच्या रथासमोर अर्ज घेऊन धावले. अर्ज पोहोचला नाही. तानाकांना वेडसर ठरवून सोडून देण्यात आले. मग दुसरी सरकारी समिती बसली. तिने १९०३ मध्ये निष्कर्ष काढला की शेतांत सापडणारे तांबे बहुतांशी १८९७ च्या आधीचे, म्हणजे हुकमापूर्वीचे आहे, आणि खरा प्रश्न पुराचा आहे. पुराचे पाणी साठवायला जागा हवी म्हणून नदीच्या खालच्या टोकाचे, साडेचारशेच्या आसपास कुटुंबांचे यानाका गाव १९०६ मध्ये नकाशावरून काढले गेले आणि १९०७ मध्ये तिथे चिकटून राहिलेल्या सोळा घरांवर हातोडा पडला. धातूच्या प्रश्नाचे रूपांतर पाण्याच्या प्रश्नात झाले, आणि खाणीऐवजी गाव बंद झाले. तानाका त्या गावकऱ्यांसाठी झगडत १९१३ मध्ये वारले. त्यांच्या मागे उरलेल्या झोळीत नवा करार, राज्यघटनेची प्रत, हस्तलिखिते आणि काही खडे होते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की मेइजी काळाला आजच्या फूटपट्टीने मोजू नये. देशाला तांबे हवे होते. कच्चे रेशीम आणि तांबे विकूनच यंत्रे, जहाजे आणि तोफा येत होत्या. तांब्यावाचून तारायंत्र नाही, वीज नाही. हे सारे खरे आहे. पण या आक्षेपातून एवढेच सिद्ध होते की खाण चालू ठेवायला सबळ कारण होते. खाणीचे पाणी खालच्या माणसाने तपासू नये, याला ते कारण पुरत नाही. १९०३ च्या समितीचे ‘हे तांबे जुने आहे’ हे म्हणणे काही अंशी बरोबर असणेही शक्य आहे. हुकमानंतर काही भागांत पिके सावरली, याची साक्ष त्या काळच्या शेतकऱ्यांनीच दिली आहे. प्रश्न वेगळाच आहे. जुने किती आणि नवे किती, हे ठरवणारी समिती सरकारची होती, मोजमाप खाणीच्या आवारात होत होते, आणि ज्यांच्या शेतात ते तांबे पडले होते त्यांना ते आकडे पडताळून पाहता येत नव्हते. म्हणून बरोबर असलेले वाक्यही काठावरच्या माणसाला थापच वाटणार होते, आणि चुकीचे वाक्य पकडले जाणार नव्हते.

दुसरी नदी जिंझू. ती गिफू जिल्ह्याच्या डोंगरातून उतरून तोयामाच्या सपाट भातखोऱ्यात येते आणि जपानच्या समुद्राला मिळते. तिच्या ताकाहारा या उपनदीवर कामिओकाची खाण. मित्सुई घराण्याने १८७४ पासून ती हळूहळू ताब्यात घेतली. आधी चांदी, तांबे, शिसे निघे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जस्ताला भाव आला, आणि जस्ताच्या खनिजात कॅडमियम हटकून असते. खनिज पिठासारखे दळून, पाण्यात घुसळून, फेसावर तरंगवून वेगळे काढण्याची पद्धत आली तेव्हा हाती जस्त जास्त लागू लागले, पण मागे उरणारा चुरा अधिक बारीक झाला आणि तितकाच दूर वाहून जाऊ लागला. खाण एका जिल्ह्यात आणि शेत दुसऱ्यात, ही गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे: मजुरी आणि कर गिफूला, गाळ तोयामाला.

तांबे आणि कॅडमियम यांच्यात एक फरक आहे, आणि तो जिंझूच्या लोकांच्या मुळावर आला. तांबे भाताला मारते, म्हणून ते दिसते. कॅडमियम फारसा गाजावाजा न करता दाण्यात जाते. खाचरात पाणी तुंबलेले असते तोवर मातीतले कॅडमियम गंधकाशी जखडलेले राहते. कापणीपूर्वी शेत सुकवले की हवा आत शिरते, कॅडमियम सुटे होते आणि नेमके दाणे भरण्याच्या दिवसांत मुळांवाटे वर चढते. असा तांदूळ दिसायला, शिजवायला, खायला इतर तांदळासारखाच. माणसाच्या शरीरातून कॅडमियम जाता जात नाही. मूत्रपिंडात ते दहा-वीस वर्षे आणि त्याहूनही जास्त काळ मुक्काम करते, तिथल्या नलिका बिघडवते, मग फॉस्फेट आणि कॅल्शियम लघवीतून निघून जाते आणि हाडे मऊ पडतात. १९१० च्या दशकापासून जिंझूकाठच्या गावांत मध्यमवयीन आणि म्हाताऱ्या बायका, विशेषतः अनेक बाळंतपणे झालेल्या, कमरेत आणि मांड्यांत दुखते म्हणून अंथरूण धरू लागल्या. पुढे खोकल्याच्या उबळीनेही बरगडी मोडे. एका रुग्णाच्या अंगात ७२ ठिकाणी हाड मोडल्याची नोंद आहे. काहींची उंची वीत-दीड वीत कमी झाली. ‘दुखतंय, दुखतंय’ असे कण्हणाऱ्या या बायकांवरून रोगाला ‘इताई-इताई’ नाव पडले आणि १९५५ मध्ये ते वर्तमानपत्रात आले. त्याआधीची चाळीस वर्षे तो कुणाच्या लेखी रोग नव्हता, घराण्याला लागलेले पाप होते. त्या घरांत मुली द्यायला लोक कचरत.

हागिनो नोबोरु हे तिथलेच डॉक्टर. युद्धावरून १९४६ मध्ये परतून त्यांनी घरचा दवाखाना हाती घेतला आणि या बायका त्यांच्याकडे येऊ लागल्या. सुरुवातीला त्यांनीही कष्ट आणि निकस आहार हेच कारण धरले होते. त्यांचे मत बदलले ते नकाशाने. रुग्णांची घरे नकाशावर मांडली तर ती जिंझूचे पाणी ज्या पाटांनी शेतात जाते त्याच पट्ट्यात भरत होती. पूर्वेला कुमानो आणि पश्चिमेला इदा या नद्यांच्या पाण्यावर जगणाऱ्या शेजारच्या गावांत लोक तेच खात होते, तेवढेच राबत होते, तेवढीच बाळंतपणे होत होती. रोग मात्र नव्हता. १९५७ मध्ये हागिनोंनी खाणीकडे बोट दाखवले. शेतीतज्ज्ञ योशिओका किन्इची पिकांच्या नुकसानीचा अभ्यास करायला आले होते. ओकायामा विद्यापीठाचे कोबायाशी जुन यांनी नमुने तपासले. आणि १९६१ मध्ये कॅडमियमचे नाव जाहीरपणे पुढे आले. हागिनोंना त्याबद्दल शाबासकी मिळाली नाही. गावठी डॉक्टर, प्रसिद्धीला हपापलेला, आणि तोयामाच्या तांदळाचा भाव पाडणारा अशी त्यांची संभावना झाली.

इथे दुसरा आक्षेप उभा राहतो, आणि तो नुसता मित्सुई कंपनीच्या वकिलांचा नाही. काही डॉक्टरांचे प्रामाणिक मत होते की हाडे मऊ पडणे हे ड जीवनसत्त्वाच्या अभावाचे लक्षण आहे. बर्फाळ, कमी उन्हाचा मुलूख, युद्धकाळातली उपासमार, बाळंतपणे, एवढ्याने रोगाचा खुलासा होतो. १९७५ मध्ये एका वजनदार मासिकाने हा रोगच आभासी आहे का, असा प्रश्न विचारला, आणि सत्ताधारी पक्षातल्या काहींनी तो उचलून धरला. आहार आणि बाळंतपणे यांनी शरीर आधीच झिजवले असेल, हे मान्य करायला हरकत नाही. आरोग्य मंत्रालयाने ८ मे १९६८ रोजी कॅडमियमला कारण ठरवले तेव्हा बाळंतपण, वार्धक्य, कॅल्शियमची कमतरता यांचा सहकारी कारणे म्हणून उल्लेख केलाच होता. पण ऊन काही इदा नदीच्या काठी जास्त पडत नव्हते. उपासमार पाटाची हद्द पाहून थांबत नाही. रोगाची हद्द आणि पाण्याची हद्द एक असणे, याला आहारवाद्यांनी कधी समाधानकारक उत्तर दिले नाही.

मार्च १९६८ मध्ये रुग्ण आणि त्यांचे वारस न्यायालयात गेले. त्यांच्या बाजूला एक जुना कायदा होता: खाणीमुळे नुकसान झाले तर मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नाही, नुकसान खाणीमुळे झाले एवढे दाखवले की पुरे. ही तरतूद जपानच्या खाण कायद्यात १९३९ मध्ये आली. म्हणून सारी लढाई ‘कारण’ या एकाच मुद्द्यावर झाली. कंपनीचा पवित्रा असा की किती कॅडमियम, कोणत्या वाटेने, शरीरात नेमके काय करते हे पायरी-पायरीने सिद्ध करा. त्यासाठी आणखी तज्ज्ञ नेमा, आणखी तपास करा. जवळजवळ ऐंशी वर्षांपूर्वी मुत्सुंच्या खात्याने हेच म्हटले होते, भाषा तेवढी सुधारली होती. तोयामाच्या जिल्हा न्यायालयाने ३० जून १९७१ रोजी हे नाकारले: रोग कुठे आहे, कुठे नाही, आणि कधीपासून आहे, या साथरोगशास्त्राच्या पुराव्यावर कारण ठरवता येते. जपानच्या चार मोठ्या प्रदूषण खटल्यांपैकी हा पहिला निकाल. कंपनी वर गेली आणि ९ ऑगस्ट १९७२ रोजी नागोया उच्च न्यायालयाच्या कानाझावा शाखेतही हरली. भरपाई दुप्पट झाली.

दुसऱ्या दिवशी जे घडले ते मला निकालाहून मोठे वाटते. जिंझूकाठचे लोक आणि त्यांचे वकील तोक्योतल्या मित्सुईच्या मुख्य कचेरीत जाऊन बसले, आणि दिवसभराच्या वाटाघाटींनंतर तीन कागदांवर सह्या घेऊन उठले. पहिल्या कागदात खटल्यात नसलेल्या रुग्णांनाही भरपाई होती. दुसऱ्यात खराब झालेल्या जमिनीचा खर्च होता. तिसरा कागद असा: बाधित रहिवाशांना गरज वाटेल तेव्हा ते आणि त्यांनी निवडलेले तज्ज्ञ खाणीच्या आवारात कधीही शिरतील, सांडपाण्याच्या वाटा आणि टाकाऊ चुऱ्याचे साठे पाहतील, नमुने घेतील, कागदपत्रे मागतील, आणि या पाहणीचा खर्च कंपनी देईल. १८९२ च्या वातारासेच्या करारांशेजारी हा कागद ठेवला की ऐंशी वर्षांतला फरक दिसतो. तिथे शेतकऱ्याने तोंड बंद ठेवण्याचे पैसे घेतले होते. इथे त्याने खाणीचे दार उघडे ठेवण्याचा खर्च खाणीवर घातला. असा हक्क न्यायालयाने दिलेला नव्हता, कायद्यातही नव्हता.

पहिली पाहणी त्याच वर्षाअखेरीस झाली आणि मग दरवर्षी. शेतकरी काय पाहणार, असा एक कुत्सित प्रश्न तेव्हा विचारला गेला. शेतकरी एकटे जात नसत; विद्यापीठांतले धातुशास्त्रज्ञ, भूगर्भशास्त्रज्ञ, रसायनज्ञ बरोबर असत, आणि ते कंपनीने नव्हे तर शेतकऱ्यांनी निवडलेले असत. वर्षाची एक मोठी पाहणी, आणि अधूनमधून तज्ज्ञांच्या छोट्या फेऱ्या. त्यांच्या हाती काय लागले याचा एक नमुना पुरेसा आहे. नळ्यांच्या तोंडाशी मोजलेले कॅडमियम कमी होत होते, पण नदीच्या वरच्या आणि खालच्या ठिकाणचे आकडे वजा केले तर हिशेब जुळेना; मधेच कुठून तरी कॅडमियम येत होते. शोध घेता ते नदीकाठाने जाणाऱ्या वीजकेंद्राच्या कालव्यात शिरत होते, आणि तिथे येत होते जस्ताच्या कारखान्याखालच्या जमिनीत मुरलेल्या दूषित पाण्यातून. कोणत्याही परवान्यात या वाटेचा उल्लेख नसणार, कारण ती कोणी बांधलेली नव्हती. नियम पाळणाऱ्या प्रामाणिक अधिकाऱ्यालाही ती सापडली नसती. त्याने ठरलेल्या नळीचे पाणी भरून नेले असते. जो माणूस ‘माझ्या पाटात हे येते कुठून’ या प्रश्नाने तिथे जातो, तोच वजाबाकी करीत बसतो. १९७२ मध्ये खाणीच्या सांडपाण्यातून महिन्याला सुमारे ३५ किलो कॅडमियम नदीत जात होते. पुढच्या काळात ते पाच किलोंच्या खाली आले. जिंझूच्या पाण्यात आता लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या दहाव्या भागाच्या आसपास कॅडमियम असते, म्हणजे डोंगरातल्या कोणत्याही न खोदलेल्या ओढ्यात असावे तेवढे. कामिओका जगाला ठाऊक आहे ते तिथल्या बोगद्यांत बसवलेल्या न्यूट्रिनोच्या यंत्रांमुळे आणि त्यांच्यावरील कामाला मिळालेल्या दोन नोबेल पारितोषिकांमुळे. कॅडमियमची ही दुसरी मोजणी तितकी गाजलेली नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. १९७० च्या अखेरीस जपानी संसदेने एका अधिवेशनात प्रदूषणाचे चौदा कायदे केले किंवा सुधारले, तंत्र सुधारले, जस्ताचा धंदा मंदावला आणि जून २००१ मध्ये कामिओकाचे खोदकाम थांबले. मग श्रेय पाहणीला का? कायद्यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. शेतजमिनीच्या प्रदूषणाचा १९७० चा कायदा नसता तर तोयामाची शेते सुधारली नसती. पण कायदा सर्वांना लागू होणाऱ्या मर्यादेपाशी थांबतो. सांडपाण्याची मर्यादा पाळूनही नदी निसर्गाइतकी स्वच्छ होतेच असे नाही, आणि कामिओकात कंपनीला त्या मर्यादेच्या कितीतरी खाली आणले ते कायद्याने नव्हे, दरवर्षी येऊन तोच प्रश्न विचारणाऱ्यांनी. घटही बहुतांशी खोदकाम चालू असतानाच झाली. आणि खाण बंद पडली की विष बंद पडते, हा तर भ्रमच आहे. आशिओची खाण १९७३ मध्ये बंद झाली. तिच्या बोगद्यांतले पाणी आजही शुद्ध करूनच सोडावे लागते. तिथल्या गेन्गोरोझावाचा चुऱ्याचा साठा १९५८ मध्ये, खाण चालू असताना, फुटून शेतांत उतरला होता. तोच मार्च २०११ च्या भूकंपात पुन्हा घसरला आणि वातारासेच्या पाण्यात मर्यादेपेक्षा जास्त शिसे सापडले. खाण बंद होऊन तेव्हा ३८ वर्षे झाली होती.

राहिला पैशाचा मुद्दा: इतकी देखरेख उद्योगाला परवडते का? याचा हिशेब खुद्द तोयामातच मांडता येतो. खराब जमीन सुधारण्याची रीत अशी: वरची विषारी माती खोदून खाली पुरायची, तिच्यावर घट्ट थर ठोकायचा, आणि त्यावर डोंगरातून आणलेली चांगली माती पसरायची. १९७९ मध्ये काम सुरू झाले, मार्च २०१२ मध्ये संपले. ८६३ हेक्टरांना ३३ वर्षे आणि चाळीस अब्ज येनहून जास्त खर्च लागला. त्यातले जेमतेम चाळीस टक्के कंपनीने दिले, बाकीचे करदात्यांनी. म्हणजे तपासणीवर वाचलेला पैसा शेवटी खाणीचे तोंडही न पाहिलेल्या माणसांच्या खिशातून गेला. रुग्ण म्हणून सरकारने मान्यता दिलेल्यांची संख्या दोनशेच्या आसपास आहे, आणि हा आकडा मान्यता सुरू झाली तेव्हा जिवंत असलेल्यांपासून मोजलेला आहे. १९१० च्या दशकापासून अंथरुणाला खिळून मेलेल्या बायका त्यात नाहीत. कंपनी आणि बाधितांच्या संघटना यांच्यात १७ डिसेंबर २०१३ रोजी अखेरचा समझोता झाला. त्यात मूत्रपिंड बिघडलेल्या पण रुग्ण न ठरलेल्या लोकांना ठोक रक्कम मिळाली आणि कंपनीने माफी मागितली. वार्षिक पाहणी मात्र त्या समझोत्याने संपवली नाही. खोदकाम थांबलेल्या कामिओकात जिंझूकाठचे लोक आपल्या तज्ज्ञांना घेऊन त्यानंतरही जात राहिले, आणि त्याचा खर्च १९७२ च्या कागदाप्रमाणे कंपनीच भरते.